जुनी डिस्क दाराबाहेर जाण्याआधी

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बंद पडलं. डीव्हीआरमधली डिस्क गेली होती. खर्च वाचावा म्हणून मी बाजारातून ५०० जीबीची सेकंडहँड डिस्क आणली. "फॉरमॅट मारलाय, एकदम कोरी आहे," असं दुकानदाराने देताना आपणहून सांगितलं. डीव्हीआरला जोडण्याआधी ती मी माझ्या संगणकाला लावली आणि फोटोरेक नावाचा, कुणालाही फुकट मिळणारा प्रोग्राम तिच्यावर रात्रभर चालवला. सकाळी पाहतो तर हजारो फायली वर आलेल्या. एका दवाखान्याचे सोनोग्राफीचे रिपोर्ट, पेशंटची नावं, वयं, फोन नंबर, स्कॅन केलेली आधार कार्डं. चार-पाच फायली उघडल्यावर मी थांबलो, कारण पुढच्या वाचायचा मला काहीच अधिकार नव्हता. लेटरहेडवर दवाखान्याचा नंबर होता, त्यावर फोन करून डॉक्टरांना कळवलं. त्यांचा विश्वासच बसेना. जुना संगणक एक्सचेंजमध्ये देताना त्यांनी स्वतः बसून 'सगळं डिलीट' केलं होतं, आणि दुकानदाराने त्यावर फॉरमॅट मारला होता. दोघांनीही आपापल्या समजुतीप्रमाणे काम चोख केलं होतं.

छोट्या कार्यालयांचे संगणक सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करतो. सीए, वकील, दवाखाने, पतसंस्था, शाळा असे माझे लोक. नवा संगणक घेताना ते चार ठिकाणी भाव काढतात, दहा प्रश्न विचारतात. जुना संगणक जाताना मात्र एकच प्रश्न येतो : याचे किती मिळतील? हा लेख त्या क्षणासाठी आहे.

फायल डिलीट केली किंवा क्विक फॉरमॅट मारला की काय होतं, हे आधी समजून घेऊ. ग्रंथालयातलं सूचीचं कपाट कुणी रिकामं केलं, तर पुस्तकं कपाटातून नाहीशी होत नाहीत. कुठलं पुस्तक कुठे आहे, एवढंच कळेनासं होतं. डिस्कवरही सूची पुसली जाते आणि मजकूर जागच्या जागी राहतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेकसारखे प्रोग्राम सूचीकडे पाहतच नाहीत, थेट कपाटं धुंडाळतात.

ही गोष्ट जगाला माहीत होऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. अमेरिकेतल्या एमआयटीचे सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट या दोघांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या आणि त्यांत काय सापडतं ते २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. चालू स्थितीत निघालेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या. बाकीच्यांत ५ हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय नोंदी, खाजगी पत्रं मिळाली. एक डिस्क तर बँकेच्या एटीएममधली होती. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडला, नेहरू प्लेसला किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी रिपेअरिंगच्या दुकानात आज ज्या जुन्या डिस्क मिळतात, त्यांची गत वेगळी असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

पुसण्याआधी

आता एक उलटी सूचना, कारण माझ्याकडे रडत आलेल्या लोकांत 'डेटा चोरीला गेला' म्हणणाऱ्यांपेक्षा 'पुसायला नको होतं' म्हणणारे कितीतरी जास्त असतात. डिस्क पुसण्याआधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. फायलींची नावं दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नव्हे. टॅलीची कंपनी उघडून मागच्या मार्चचा ताळेबंद दिसतो का ते बघा, लग्नाच्या फोल्डरमधले मधले कुठलेही दहा फोटो उघडा. डिजिटल सहीच्या फायली, ईमेलचं जुनं आर्काइव्ह आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड या तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात.

काही नोंदी ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, आणि दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं. तुमची जुनी डिस्क ही अशा नोंदींची एकमेव प्रत असेल, तर आधी दुसरी प्रत करा आणि मगच पुसण्याचा विचार करा.

हे झालं की डिस्क कुठल्या जातीची आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये गेलात की डिस्कपुढे एचडीडी किंवा एसएसडी लिहिलेलं असतं. संगणक चालूच होत नसेल तर डिस्क काढून हातात घ्या. वजनदार, लेबलवर ५४०० किंवा ७२०० आरपीएम असा आकडा, तर ती फिरत्या तबकड्यांची हार्डडिस्क. हलकी, आत काही हलत नाही अशी, किंवा च्युइंगमच्या पट्टीएवढी उघडी पाटी, तर ती एसएसडी. काही जुन्या लॅपटॉपमध्ये दोन्हींचं मिश्रण असलेली हायब्रिड डिस्क सापडते. तिच्यात तबकड्याही असतात आणि चिपही, म्हणून तिला एसएसडीइतक्याच संशयाने वागवा.

फिरती डिस्क : एकदा, पण पूर्ण

तबकड्यांच्या हार्डडिस्कवर उपाय सोपा आहे. पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत सगळीकडे नवं काहीतरी लिहायचं. शून्यं लिहा, नाहीतर वेडेवाकडे आकडे. एकदा लिहिलं की पुरतं.

हे वाचून अनेकांच्या भुवया उंचावतील, कारण 'सात वेळा पुसावं लागतं', 'पस्तीस वेळा पुसलं तरच जातं' असं कुठेतरी वाचलेलं असतं. पस्तीसचा आकडा आला पीटर गुटमन या संशोधकाच्या १९९६ मधल्या निबंधातून. त्या काळातल्या वेगवेगळ्या पद्धतीच्या डिस्कसाठी त्याने वेगवेगळे साचे सुचवले होते, त्या सगळ्यांची बेरीज पस्तीस. एकाच डिस्कवर पस्तीसही आवर्तनं करायची, असा त्याचा अर्थ नव्हता. लोक या आकड्याकडे मंत्रतंत्रासारखं पाहू लागले आहेत, अशी तक्रार पुढे गुटमनने स्वतःच केली. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २००६ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केलं, की २००१ नंतर बनलेल्या, १५ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठी एकदा लिहिणं पुरेसं आहे. तीन आवर्तनांचा 'डीओडी' नावाचा पर्याय अजून कित्येक सॉफ्टवेअरमध्ये दिसतो, तोही जुन्या काळचा अवशेष आहे.

मी यावर जोर देतो त्याला कारण आहे. एक टीबीची डिस्क एकदा पूर्ण लिहायला साधारण दोन ते तीन तास लागतात. पस्तीस वेळा म्हणजे तीन दिवस किंवा त्याहूनही जास्त. इतका वेळ कुणाकडे नसतो. मग माणूस मध्येच बंद करतो, किंवा 'नंतर बघू' म्हणून डिस्क कपाटात टाकतो, आणि एके दिवशी ती तशीच भंगारात जाते. अवघड उपाय सांगून सोपा उपायही करू न देणं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. जी डिस्क पुसायची तिच्यावरूनच विंडोज चालू असेल, तर विंडोजच्या आतून ती पूर्ण पुसता येत नाही. अशा वेळी श्रेडओएस नावाची फुकट प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करा. तिच्यातला एनवाइप हा प्रोग्राम हेच काम करतो. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडणार असाल तर विंडोजमधली डिस्कपार्ट ही सोय पुरते. तिच्यात डिस्क निवडून 'क्लीन ऑल' ही आज्ञा द्यायची. इथे 'ऑल' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. नुसतं 'क्लीन' म्हटलं तर काही सेकंदांत काम संपतं आणि फक्त सूचीच जाते, म्हणजे आपण परत दवाखान्याच्या डिस्कपाशी आलो. विंडोज व्हिस्टापासून पुढे, क्विक फॉरमॅटची खूण काढून केलेलं पूर्ण फॉरमॅटही शून्यं लिहितं. पण ते निवडलेल्या ड्राइव्हपुरतंच. सी पुसला आणि डी तसाच राहिला, असं होऊ शकतं.

पुसायला बसण्याआधी बाकीच्या सगळ्या डिस्क, पेनड्राइव्ह, बॅकअपची बाहेरची डिस्कसुद्धा त्या संगणकापासून शब्दशः उपटून बाजूला ठेवा. डिस्क शून्य की डिस्क एक, यात गफलत झाली की परतीचा रस्ता नाही. मी आजही हे करताना दुसऱ्या माणसाला शेजारी बसवतो आणि डिस्कचा आकार व मॉडेल मोठ्याने वाचून दाखवतो.

एक मर्यादा सांगायला हवी. हार्डडिस्क जुनी झाली की काही जागा खराब होतात आणि डिस्क स्वतःच त्या बाजूला काढून त्यांच्याऐवजी राखीव जागा वापरते. बाजूला काढलेल्या जागांवर वरून लिहिणारा प्रोग्राम पोचत नाही. घरगुती डिस्कच्या बाबतीत ही चिंता किरकोळ आहे. डिस्कवर पतसंस्थेच्या खातेदारांची माहिती असेल, तर डिस्कच्या आतल्याच सिक्युअर एरेज आज्ञेचा 'एन्हान्स्ड' प्रकार वापरा. तो त्या जागांनाही हात घालतो.

एसएसडी : इथे जुनी सवय दगा देते

हार्डडिस्कवर वर्षानुवर्षं हात बसलेले माझ्यासारखे लोक एसएसडीवर चुकले, आणि बराच काळ चुकत राहिले. माझ्या हातून एका वकिलांच्या कार्यालयाच्या चार एसएसडी जुन्याच पद्धतीने, वरून शून्यं लिहून 'पुसल्या' गेल्या आणि बाहेर गेल्या. पुढे काही वाईट घडल्याचं कळलं नाही, पण आज मी ते काम पुसणं म्हणून मान्य करणार नाही.

कारण चिपच्या घडणीत आहे. फ्लॅश चिपमधल्या प्रत्येक कप्प्यावर ठरावीक वेळाच लिहिता येतं, नंतर तो झिजतो. म्हणून एसएसडीमधला नियंत्रक लिखाण सगळीकडे सारखं वाटत राहतो. तुम्ही एका जागी लिहा म्हटलंत, तरी तो ते दुसऱ्याच, कमी वापरलेल्या कप्प्यात लिहितो आणि जुना कप्पा 'सवडीने रिकामा करू' म्हणून ठेवून देतो. शिवाय डिस्कवर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त चिप आत असते, ती या फिरवाफिरवीसाठी राखीव. संगणकाला ती दिसतही नाही. त्यामुळे दिसणारी सगळी जागा शून्यांनी भरली तरी न दिसणाऱ्या जागेत जुना मजकूर उरू शकतो. डिलीट केलेल्या जागा नियंत्रकाला कळवणारी ट्रिम नावाची सोय आहे, आणि तिच्यामुळे एसएसडीवरचा पुसलेला मजकूर पुष्कळदा लवकर नाहीसा होतो हे खरं. पण केव्हा आणि किती, हे नियंत्रक ठरवतो. त्यावर कुणाच्या पेशंटची नावं सोपवता येणार नाहीत.

म्हणून एसएसडीला तिच्याच भाषेत सांगावं लागतं. साटा जोडणीच्या एसएसडीसाठी सिक्युअर एरेज, आणि नव्या एनव्हीएमई एसएसडीसाठी सॅनिटाइझ किंवा फॉरमॅट अशा आज्ञा नियंत्रकातच असतात. त्या मिळाल्या की नियंत्रक राखीव जागेसकट सगळ्या कप्प्यांवर काम करतो. सॅनिटाइझ उपलब्ध असेल तर तीच निवडा. मध्येच वीज गेली तरी ती अर्धवट सुटत नाही, पुन्हा सुरू झाल्यावर काम पुरं करते. या आज्ञा द्यायच्या कशा, तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. सॅमसंग, क्रूशियल, वेस्टर्न डिजिटल, किंग्स्टन या सगळ्यांचं असतं. डेल आणि एचपीच्या कार्यालयीन लॅपटॉपमध्ये बायोसमध्येच ही सोय सापडते. साटा एसएसडी कधीकधी 'फ्रोझन' असल्याचं सांगून आज्ञा नाकारते. संगणक स्लीपमध्ये घालून परत उठवला की बहुतेक वेळा अडसर निघतो. यूएसबीच्या डबीत घालून हे करू नका. आज्ञा मध्येच अडकण्याचा धोका असतो.

आणि नंतर तपासा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये एसएसडी उघडून थेट चिपमधून वाचून पाहिलं, तेव्हा एका एसएसडीने 'पुसलं' असं कळवलं होतं आणि आतला सगळा मजकूर जसाच्या तसा होता. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : एसएसडीवरची एखादीच फायल निवडून कायमची पुसायचा कुठलाही उपाय भरवशाचा निघाला नाही. तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाल्या, पण तपासायची सवय सोडायला ते पुरेसं कारण नाही. पुसल्यावर फोटोरेक चालवा. काही वर येता कामा नये. चिप उघडून वाचण्याइतकी ही तपासणी खोल नाही, तरी आज्ञा मुळात चाललीच नसेल तर ते लगेच कळतं.

याहून चांगला मार्ग एकच आहे, आणि तो पुसायच्या दिवशी हाती नसतो. संगणक घेतल्याच्या दिवशी डिस्क एन्क्रिप्ट करायची. मग डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते कुलूपबंदच लिहिलं जातं. निरोप द्यायच्या दिवशी किल्ली नष्ट केली की राखीव कप्प्यात उरलेल्या तुकड्यांचाही कुणाला उपयोग नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट, लिनक्समध्ये लक्स ही त्याची साधनं. विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकर पूर्ण मिळत नाही, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाची त्याचीच सोपी आवृत्ती असते. पाच वर्षं वापरून झाल्यावर शेवटच्या आठवड्यात एन्क्रिप्शन चालू केलं, तर आधीचा उघडा मजकूर राखीव जागेत राहिलेला असू शकतो. अशा डिस्कला सॅनिटाइझ वगैरे करावंच लागतं.

एसएसडीच्या आतच बसवलेल्या एन्क्रिप्शनवर मात्र पूर्णपणे विसंबू नका. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये काही नामांकित एसएसडींमधली ही कुलपं पासवर्डशिवाय उघडून दाखवली होती. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनेही बिटलॉकरमध्ये सॉफ्टवेअरचं कुलूप हाच मूळ पर्याय केला.

बंद पडलेली डिस्क

चालत नाही त्या डिस्कला कुठलीच आज्ञा देता येत नाही, आणि नेमकी हीच डिस्क सर्वात बेफिकिरीने टाकली जाते. 'मेलेली आहे, तिच्यात काय राहिलंय?' पुष्कळ राहिलेलं असतं. बहुतेक वेळा बाहेरची सर्किटची पाटी किंवा वाचणारी सुई बिघडलेली असते, तबकड्या ठणठणीत असतात. २००३ मध्ये कोलंबिया हे अवकाशयान परतताना आकाशात फुटलं. कल्पना चावला त्याच यानात होत्या. त्या ढिगाऱ्यात जळालेल्या, चिखलाने भरलेल्या अवस्थेत एक हार्डडिस्क मिळाली. अमेरिकेतल्या एका डेटा रिकव्हरी कंपनीने तिच्यातला सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळवला आणि त्यावरून यानात झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्धही झाले. त्यापुढे तुम्ही गॅलरीतून टाकलेली किंवा बादलीत बुडवलेली डिस्क म्हणजे काहीच नाही.

चुंबक फिरवण्याचा उपायही सोडून द्या. सुई हलवण्यासाठी हार्डडिस्कच्या आत आधीच दोन जबरदस्त निओडिमियम चुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्या शेजारी मजकूर वर्षानुवर्षं सुखरूप राहतो. मोठ्या संस्थांकडे डीगॉसर नावाचं यंत्र असतं. त्याचं चुंबकीय क्षेत्र इतकं तीव्र असतं की डिस्कवरच्या मार्गदर्शक रेषाही पुसल्या जातात आणि डिस्क कायमची निकामी होते. हार्डडिस्क आणि टेपसाठी हा उत्तम उपाय. एसएसडीवर त्याचा शून्य परिणाम होतो, कारण तिच्यात मजकूर चुंबकाने लिहिलेलाच नसतो. डीगॉसरमधून काढलेल्या एसएसडीवर 'नष्ट' असा शिक्का मारून दिलेला मी पाहिला आहे, म्हणून हे वेगळं सांगतो.

घरी किंवा छोट्या कार्यालयात बंद हार्डडिस्क मोडायची असेल तर ड्रिल मशीन घ्या आणि सगळ्या तबकड्यांतून आरपार जातील अशी चार-पाच भोकं पाडा, मध्यभाग आणि कडा यांच्या मधल्या पट्ट्यात. वरच्या डब्यावर हातोड्याचे घाव घालून समाधान मिळतं, तबकड्यांना धक्का लागेलच असं नाही. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि फुटल्यावर त्यांचा चुरा उडतो. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, खाली जुनं पोतं आणि मुलं दूर. एवढी काळजी घेतल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. जाळायचं तर मुळीच नाही, त्या धुरात विषारी वायू असतात.

एसएसडीत ड्रिलची वेगळीच गंमत होते. अडीच इंची एसएसडीचा डबा पुष्कळदा अर्धा रिकामाच असतो. मधोमध भोक पाडलं तर ते हवेतून जातं आणि सगळ्या चिप शाबूत राहतात. म्हणून डबा उघडा, आतली पाटी काढा आणि पाटीच्या दोन्ही बाजूंची प्रत्येक काळी चौकोनी चिप वेगवेगळी फोडा. एक जरी राहिली तरी तिच्यात मजकूर असतो. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था गोपनीय एसएसडीचे दोन मिलिमीटरपर्यंत बारीक तुकडे करायला लावते. आपल्याला तितकं नको, पण चिप अखंड उरता कामा नये, हे तत्त्व तिथूनच घ्यायचं.

वॉरंटीतली डिस्क बिघडली तर कंपनी जुनी मागून घेते. अशा वेळी मनात हिशोब करा : नवी डिस्क तीन-चार हजारांची, आत आहे ती शंभर अशिलांची कागदपत्रं. मी अशा वॉरंट्या सोडून द्यायला लावल्या आहेत. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असती तर हा प्रश्नच आला नसता.

ज्या डिस्क डिस्कसारख्या दिसत नाहीत

झेरॉक्स मशीन. कार्यालयातल्या मोठ्या मशीनमध्ये हार्डडिस्क असते आणि कॉपी केलेल्या, स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यावर साठू शकतात. अमेरिकेतल्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने भाड्याने घेतलेली मशीन डिस्क न पुसता परत केली. ३ लाख ४४ हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यात उघडी पडली असावी, असं निष्पन्न झालं आणि २०१३ मध्ये तिला सुमारे १२ लाख डॉलर भरावे लागले. मशीन भाड्याची असेल तर परत करताना 'डिस्क पुसून द्या किंवा आम्हाला काढून द्या' हे करारातच लिहून घ्या. डीव्हीआर, नॅस, बिलिंग मशीन, बाहेरच्या डिस्क आणि ड्रॉवरमध्ये पडलेले पेनड्राइव्ह याच रांगेत येतात. पेनड्राइव्हला बहुधा सिक्युअर एरेज नसतं. महत्त्वाचं असेल तर सरळ चिप फोडा.

कार्यालयांसाठी

इथे तंत्रापेक्षा शिस्त जास्त कामाची. अमेरिकेतली मॉर्गन स्टॅन्ले ही बलाढ्य संस्था. २०१६ मध्ये तिने आपल्या डेटा सेंटरमधली जुनी यंत्रं हलवण्याचं काम सामान वाहून नेणाऱ्या एका कंपनीला दिलं, जिला डेटा नष्ट करण्याचा काडीचाही अनुभव नव्हता. डिस्क तशाच पुढे विकल्या गेल्या आणि इंटरनेटवरच्या लिलावात पोचल्या. त्या विकत घेतलेल्या एका माणसाने कळवल्यावर कंपनीला हे समजलं. बँक नियामकाने २०२० मध्ये ६ कोटी डॉलर आणि भांडवल बाजार नियामकाने २०२२ मध्ये ३.५ कोटी डॉलर दंड केला. ब्रायटनच्या सरकारी रुग्णालय ट्रस्टने सुमारे हजार डिस्क नष्ट करायला दिल्या होत्या. त्यातल्या दोनशेहून जास्त ईबेवर विकल्या गेल्या, आणि २०१२ मध्ये ट्रस्टला ३ लाख २५ हजार पौंडांचा दंड झाला. दोन्हीकडे तंत्र कुणालाच कमी पडलेलं नव्हतं. डिस्क न पुसताच दाराबाहेर गेल्या, हेच सगळ्याचं मूळ.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी तुमच्या जागेत, तुमच्या माणसाकडून पुसणं, मग बाहेर देणं. एक साधी वही करा. तिच्यात प्रत्येक डिस्कचा लेबलवरचा सीरियल नंबर, कुठल्या संगणकातली, कशी पुसली किंवा फोडली, तारीख आणि दोन सह्या. बाहेरच्या कंपनीकडून नष्ट करून घ्यायचं असेल तर गाडीवर बसवलेली श्रेडर मशीन तुमच्या आवारात आणणाऱ्या कंपन्या आहेत. उभं राहून बघा, प्रमाणपत्र घ्या आणि त्यावरचे सीरियल नंबर वहीशी ताडून पाहा. '४० नग हार्डडिस्क नष्ट केल्या' असं मोघम लिहिलेल्या प्रमाणपत्राला मी किंमत देत नाही. उरलेला सांगाडा नोंदणी असलेल्या ई-कचरा रिसायकलरलाच द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आणि लक्षात असू द्या, ई-कचऱ्याची नोंदणी म्हणजे डेटा पुसण्याची हमी नव्हे. ती दोन वेगळी कामं आहेत.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पतसंस्थेला किंवा दवाखान्याला इतका दंड होईल असं मी म्हणत नाही. पण लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती काम संपल्यावर पुसून टाकणं हे आता कायद्याने लिहिलेलं कर्तव्य आहे.

शेवटची गोष्ट डिस्क मोडण्याविरुद्ध. चालती डिस्क उगाच फोडू नका. नीट पुसलेला, तपासलेला पाच-सहा वर्षांचा संगणक जिल्हा परिषदेच्या शाळेत अजून चार वर्षं चालतो. मी दरवर्षी असे काही संगणक देतो, लिनक्स टाकून, डिस्कसकट. पुसण्यावर विश्वास नसल्यामुळे लोक डिस्क काढून घेतात आणि डिस्कशिवाय संगणक शाळेला देतात. मग नवी डिस्क घ्यायला शाळेकडे पैसे नसतात आणि तो संगणक वर्गाच्या कोपऱ्यात झाकून ठेवला जातो. तुमच्याकडे असा संगणक असेल तर रविवारचे तीन तास काढा, डिस्क पुसा, फोटोरेक चालवून बघा, आणि पूर्ण संगणक द्या.